पाव्हणं लई झाल्यात

आमच्या घरात झुरळाला झुरळ म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. हे खूळ तू मिरजगावहून आणलंस, असं माझा नवरा म्हणतो. बरोबर आहे त्याचं. मिरजगावच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं आणि सहाही वर्षं एकाच घरात भाड्यानं राहिले. बदली झाली तेव्हा टेम्पोत भरलेल्या सामानाबरोबर घरमालकांचा हा शब्दही माझ्यासोबत नगरला आला.

घरमालक म्हणजे निवृत्त कंपाउंडर. गावातल्या एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी जन्मभर पुड्या बांधल्या. डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान झालं, तरी गाव त्यांना कंपाउंडरच म्हणायचं. मी काका म्हणायचे. पांढरा शर्ट, पांढराच लेंगा, खिशात पेनाएवढी बारीक बॅटरी. माणूस तुमच्याशी बोलता बोलता सहज खाली वाकायचा आणि तुमच्या कपाटाखाली बॅटरी मारून बघायचा. पहिल्यांदा तसं करताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, ह्यांचं काहीतरी पडलंय.

घर बघायला गेले त्या दिवशीचं आमचं बोलणं मी आजही जसंच्या तसं सांगू शकते, कारण पुढचे दोन दिवस मी शाळेत सगळ्यांना तेच सांगत होते आणि सांगताना नव्यानं हसत होते.

"एकट्याच ऱ्हानार का मॅडम?"

"हो. मिस्टर नगरला असतात. शनिवारी-रविवारी येतील."

"बरं. पाव्हणं लई येत्यात का?"

झालं. भाडेकरूकडे कोण येतं, कोण जातं यावर डोळा ठेवणारे घरमालक मला पाठ होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"येतात की. पाहुणे काय कुणाला विचारून येतात?"

"ते बी खरंय," काका गंभीरपणे म्हणाले. "आत्ता ऱ्हाताय तिथं हायती का?"

"आत्ता नाहीत. दिवाळीत होते, चांगले पंधरा दिवस."

"दिवसा बी दिसायचे?"

"दिवसा नाही दिसणार तर काय? हॉलमध्ये बसायचे. टीव्ही बघायचे."

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "मग लईच झाले म्हनायचे. दिवसा हिंडाय लागले मंजी आत जागा उरली न्हाई."

आतून कुणीतरी खुदकन हसलं. हसण्याचा खोकला झाला आणि तो खोकला काही थांबेना. काका बोलणं अर्धवट टाकून आत गेले. थोड्या वेळानं त्यांच्यामागून एक ठेंगण्या, गोऱ्या काकू पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या. "बाई, तुमी रागावू नका," त्या म्हणाल्या. "अवो, ते झुरळाचं इचारत्यात."

शब्द मूळचा काकूंचा. घरात झुरळ आहे असं चारचौघांत म्हटलं की बाईचं नाव खराब होतं. तिला नीटनेटकं राहता येत नाही असं लोक म्हणतात, पुरुषाला कुणी काही म्हणत नाही. म्हणून त्या नवी नवरी असतानाच, सासूबाई ऐकत असताना नवऱ्याला हळूच सांगायच्या, "अवो, पाव्हणं आल्यात." पुढे गल्लीनं तो शब्द उचलला. मी तिथं गेले तेव्हा निम्मं मिरजगाव तो वापरत होतं. खरे पाहुणे आले असतील तर "मानसं आल्यात" म्हणायचे.

मात्र काकांचं सगळं वेड कशासाठी होतं ते मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. काकूंना दमा होता. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की धुरळा एकवेळ चालेल, पण घरात झुरळ नको. त्यांची घाण वाळून हवेत जाते आणि हिचा श्वास अडकतो. फवाराही नको, त्याच्या वासानं तर लगेच अडकेल. जन्मभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचून औषध देणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरासाठी चिठ्ठी मिळाली होती. हिच्या घरात एकही पाहुणा दिसता कामा नये, एवढं एकच काम त्यांनी निवृत्तीनंतर धरलं. हे मला काकूंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. म्हातारपणी माणसाला काहीतरी उद्योग लागतो, असं माझं मत झालं.

माझं सामान आलं त्या दिवशी त्यांनी टेम्पो दारातच थांबवला. एकही खोकं आत जाऊ दिलं नाही. सगळं अंगणात उन्हात मांडलं, पुस्तकं उलटी धरून झटकली, मिक्सर आडवा करून त्याच्या बुडात बॅटरी मारली. खोक्यांच्या घड्या उलगडल्या आणि एका घडीतून राजम्याच्या दाण्यासारखं काहीतरी चिमट्यानं काढून मला दाखवलं. "ही अंडी. ह्यात तीस-चाळीस पाव्हणं हायेत मॅडम. तुमी तिकीट न काढता आनले." माझी फुटकी बादली, नवऱ्याच्या जुन्या बनियनची फडकी, सगळं सगळं गल्लीनं पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्यांची पद्धत साधी होती. बोरिक पावडर, ती कॅरमवर टाकतात तीच, कणीक, साखर आणि दूध. कणीक, साखर आणि दूध काकू मळायच्या. मग काकूंना दुसऱ्या खोलीत पाठवून, तोंडाला फडकं बांधून काका त्यात पावडर घालायचे आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायचे. गोळ्या काचेच्या बाटलीत, आणि बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी. जुन्या दवाखान्यातल्या मिक्श्चरच्या बाटलीवर डोस दाखवायला अशी खाचांची पट्टी चिकटवायचे, ती नव्या पिढीनं पाहिलेली नाही. दर पंधरवड्याला एक डोस. सिलेंडरमागे दोन, सिंकखाली तीन, फ्रिजच्या मोटरीशी एक. लहान मूल असलेल्या घरात ते गोळी उघडी ठेवायचे नाहीत, काडेपेटीत घालून, तिला भोकं पाडून उंचावर ठेवायचे.

"मारनं हा विलाज न्हाई," ते म्हणायचे. "पायाखाली एक मारला तर आपल्याला बरं वाटतं, त्यांना काय फरक पडत न्हाई. त्यांची सोय मोडायची. पानी मोडा, खरकटं मोडा, अडगळ मोडा. सोय न्हाई म्हनल्यावर कोन ऱ्हातंय?"

म्हणून संध्याकाळी सिंक कोरड्या फडक्यानं पुसायचं. मोरीच्या भोकावर वाटी पालथी घालायची. आणि रोज दुपारी चार वाजता राउंड. राउंड हा दवाखान्यातला शब्द. दार वाजायचं, मी उघडायचे, काका चपला काढून आत यायचे, बॅटरी मारायचे. सिंक ओलं दिसलं की बोलायचे काही नाहीत, फक्त जिभेनं च्च करायचे. वर्गात चाळीस पोरांना धाक दाखवणारी मी चार वाजायला आले की धावत जाऊन सिंक पुसायची.

त्या च्चचीच मला भीती बसली होती, आणि त्या भीतीतूनच माझ्या हातून ती गोष्ट झाली.

शनिवार होता. शाळा सकाळची. काका पुतण्याबरोबर काष्टीच्या बाजाराला बैल बघायला गेले होते. मी दुपारी घरी आले, सिंकखालचं दार उघडलं आणि एक लालसर, चांगला धष्टपुष्ट पाहुणा मिशा हलवत माझ्याकडे बघत होता. आला कुठून हे मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात किराण्याचं एक खोकं मी काकांची नजर चुकवून आत आणलं होतं, डबे ठेवायला बरं म्हणून. आता काकांना सांगायचं तर खोक्याचंही सांगावं लागणार, आणि मग च्च. मी मनात म्हटलं, ते यायच्या आत निकाल लावते. कोपऱ्यावरच्या दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला, खिडक्या गच्च लावल्या आणि निम्मा डबा रिकामा केला. पाहुणा उताणा पडला. मला फार बरं वाटलं.

माझ्या आणि काकूंच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती आणि भिंतीला वरच्या बाजूला वीतभर झरोका होता. त्याचा विचार माझ्या मनात आला नाही. थोड्या वेळानं पलीकडून भिंतीवर फुलपात्र आपटल्याचा आवाज आला. काकूंना काही लागलं की त्या असंच बोलवायच्या. "आले हो काकू," मी म्हटलं आणि हात धुवून, केस सारखे करून, सावकाश गेले.

काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यावर टेकलेले, खांदे वर चढलेले. तोंड उघडं आणि आत काही जात नव्हतं. त्या नुसत्या फळीकडे बोट दाखवत होत्या. फळीवर दम्याचा पंप होता. तो मी त्यांच्या तोंडाला लावला, पण घाईत पहिला दाब हवेतच गेला. समोरच्या पोराची रिक्षा थांबवली, सरकारी दवाखान्यात नेलं, वाफ दिली, ऑक्सिजन लावला. तासाभरानं त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मास्कमधूनच म्हणाल्या, "बाई, सिंक पुसलं का? चार वाजले."

मी तिथंच रडले. दवाखान्यातल्या सगळ्या बायका बघत होत्या, पण मला थांबताच येईना.

काका संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं, खोक्यापासून. ते ऐकत होते. "खिडक्या?" त्यांनी एवढंच विचारलं. बंद होत्या, मी म्हटलं. मी वाट बघत होते की हा माणूस आता मला घर खाली करायला सांगेल, आणि सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"चूक माझी हाय मॅडम," ते म्हणाले. "पेशंट लपवाय लागला मंजी त्याला दवाखान्याचं भ्या वाटतंय. मी तुमाला भ्या घातलं."

दुसऱ्या दिवसापासून राउंडला आले की ते आधी दारातूनच विचारायचे, "काय तरास न्हाई ना?" बॅटरी नंतर. च्च त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. सिंक मी त्यानंतर कुणी न सांगता पुसलं, आणि आजही पुसते.

पुढे माझी बदली झाली. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आम्ही फ्लॅट घेतला. दर रविवारी सकाळी काकांचा फोन यायचा. ते विचारायचे, "पाव्हणं?" मी सांगायचे, "नाहीत." "सिंक?" "कोरडं." मग काकू मागून काहीतरी ओरडायच्या आणि हसायच्या, आणि फोन बंद व्हायचा. दोन मिनिटं लागायची. माझा नवरा मला चिडवायचा, पण फोनला उशीर झाला की तोच विचारायचा, अगं, तुझ्या कंपाउंडरचा फोन नाही आला?

गेल्या थंडीत काकू गेल्या. दम्यानं नाही, हृदय थांबलं. मी भेटायला गेले तर काका येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते. "छाती साफ हुती. डॉक्टरांनी नळी लावून बघितलं, म्हनले, सूं सुद्धा न्हाई. श्वास शेवटपर्यंत चांगला हुता हिचा." लोक मान हलवत होते. कितीजणांना त्याचा अर्थ कळला कोण जाणे. मला कळला.

त्यानंतर रविवारचे फोन थांबले. मीच करायचे. ते उचलायचे, बरं हाय म्हणायचे. पाव्हण्यांचं नावही काढायचे नाहीत. त्यांची मुलगी जामखेडला दिलेली. ती मला फोनवर म्हणाली, "ताई, आण्णा एकदाच जेवत्यात. तिकडं चला म्हनलं तर येत न्हाईत. तुमी तरी सांगा." मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी मिरजगावला गेले.

काकांनी चहा केला. स्वयंपाकघरात सिंक भरलेलं होतं, मोरीवरची वाटी बाजूला पडली होती. बाटली फळीवर होती, पण तिच्यातल्या गोळ्या पट्टीच्या तिसऱ्या खाचेपाशी थांबलेल्या, थंडीत मी भेटायला आले होते तेव्हा होत्या तिथंच. म्हणजे काकू गेल्यापासून एकही डोस झाला नव्हता. मी बघत होते तेवढ्यात, भर दुपारी, एक पाहुणा भिंतीवरून उतरला आणि काकांच्या बशीच्या काठावर येऊन बसला. मी चप्पल शोधायला लागले.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," काका म्हणाले. "येऊ द्या. कुनी तरी येतंय घरी."

मी तो चहा तसाच पिऊन परत आले आणि नवऱ्याला सांगितलं, काका आता फार दिवस काढत नाहीत. मला मनापासून तसं वाटलं होतं.

यंदा श्रावणाच्या आधी माझ्या नवऱ्याचे मामा आमच्याकडे राहायला आले. दात बसवून घ्यायचे होते म्हणून आठ दिवस मुक्काम. मामा शेतकरी माणूस, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. त्यांच्याबरोबर मामी, मामींची बहीण. रविवारी मी पुऱ्या तळत होते आणि फोन वाजला. काकांचा होता, सहा-सात महिन्यांत पहिल्यांदाच आपण होऊन केलेला. पण एक पुरी तेलात, एक हातात. मी घाईनं म्हटलं, "काका, पाहुणे आलेत हो घरी, खूप झालेत. मी नंतर करते." आणि नंतर विसरले.

सोमवारी मामांसाठी मी शाळेतून रजा घेतली होती. सकाळी दहाला बेल वाजली. दारात काका. दाढी केलेली, पांढरा शर्ट इस्त्रीचा, खांद्याला पिशवी, खिशात बॅटरी. सकाळच्या एसटीनं आले होते.

"कधीपास्नं झाल्यात?" त्यांनी विचारलं. "आन् दिवसा बी दिसत्यात का?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मागे सोफ्यावर मामा, मामी आणि मामींची बहीण ओळीनं बसून चहा पीत होते. मी खरं सांगायला हवं होतं. पण हा माणूस दीड तास एसटीत उभा राहून, माझ्या घरात पाहुणे झालेत म्हणून आला होता. सहा-सात महिन्यांनी त्यांनी बॅटरी खिशात घातली होती. मी म्हटलं, "स्वयंपाकघरात बघा काका," आणि त्यांना आत घेऊन गेले.

त्यांनी बाह्या वर केल्या. सिलेंडर ओढला, सिंकखाली डोकं घातलं, फ्रिजच्या मागे बॅटरी मारली. मग पिशवीतून पावडरीचा डबा काढला, नवी बाटली काढली. तिच्यावर नवी पट्टी कातरून लावलेली होती. ओट्यावर सगळं मांडलं आणि ते तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"कनिक ही मळायची," ते म्हणाले.

मी हात धुतले, परात घेतली. कणीक, साखर, दूध. मळताना ते माझ्या हातांकडे बघत होते आणि मधेच म्हणाले, "अजून जरा घट." मग मला बाजूला करून, तोंडाला फडकं बांधून त्यांनी पावडर घातली आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायला घेतल्या. मला एकीकडे बरं वाटत होतं आणि एकीकडे चोरी केल्यासारखं वाटत होतं.

गोळ्या झाल्यावर त्यांनी हात साबणानं दोनदा धुतले आणि पुन्हा एकदा सगळीकडे बॅटरी फिरवली. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर पूर्वीचा कंपाउंडर होता.

"मॅडम, एक बी न्हाई. अंडी न्हाईत, लेंडी न्हाई. सिंक कोरडं ठनठनीत. मग तुमी फोनवर म्हनला ते…"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मामा बाहेरून आले. त्यांना काकांचं नाव माहीत नव्हतं. आमच्याकडे अनोळखी माणसाला जसं बोलावतात तसं त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, आपल्या आवाजात बोलावलं.

"ओ पाव्हणं, चला की, ताटं घेतल्यात."

काकांनी चटकन बॅटरी खाली मारली. दाराच्या फटीत, मामांच्या पायाशी, कोपऱ्यात. मग त्यांनी हळूहळू बॅटरी वर नेली. मामांचं धोतर, मामांचं पोट, मामांचे नवे दात. मग मागे मामी, मामींची बहीण. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही मानसं आल्ती व्हय?" ते म्हणाले.

मी मान हलवली. मला वाटलं, आता हा माणूस पिशवी उचलून जाणार. काका ओट्याला टेकले आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. मामांना काही कळेना, पण समोरचा हसतोय म्हणून तेही हसू लागले. मी पाणी दिलं तर काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही. "ही असती तर," ते म्हणाले, "चार दिस हसली असती."

मग ते जेवले. दोनदा भात घेतला. मामांनी त्यांना बैलांचं विचारलं, त्यांनी मामांना दातांचं विचारलं. निघताना मी त्यांची पिशवी भरून देत होते, तर त्यांनी ओट्यावरची गोळ्यांची बाटली मागितली. वर्तमानपत्राचा चौकोन फाडला, त्यावर माझ्यासाठी सहा गोळ्या ठेवल्या आणि दवाखान्यातली पुडी बांधली, चार घड्या, टोक आत. बाकीची बाटली त्यांनी पिशवीत ठेवली.

"तुमाला एवढ्या बास. बाकीच्या मला लागतील."

मामा दारापर्यंत सोडायला आले होते. काकांनी चपला घातल्या आणि त्यांच्याकडे वळून म्हणाले, "या एकदा मिरजगावला, मॅडमना घेऊन. पन पंधरा दिस थांबून या. आधी घरातलं पाव्हणं घालवतो."